द्विपंखी विमानाच्या तारा : उतारवयातील एक सूक्ष्म छंद

ज्येष्ठ नागरिकांना छंद सुचवायचा म्हटले की आपली यादी ठरलेली असते : वाचन, बागकाम, भजनी मंडळ, सकाळचा फेरफटका. या साऱ्यांची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु ज्यांचे सारे आयुष्य हातांनी काम करण्यात गेले, त्यांना या यादीत पुष्कळदा काहीतरी उणे वाटते. लेथवर उभे राहिलेला कारागीर, घड्याळे दुरुस्त करणारा गृहस्थ, चाळीस वर्षे शिवणयंत्र चालवलेली गृहिणी, नकाशे काढणारा आरेखक अशा मंडळींच्या बोटांना निवृत्ती मानवत नाही. त्यांच्यासाठी आज एका काहीशा अनोळखी छंदाचा परिचय करून द्यावासा वाटतो. तो छंद म्हणजे जुन्या द्विपंखी विमानांच्या, अर्थात बायप्लेनच्या, लहान प्रतिकृती तयार करणे आणि त्यांच्या पंखांमधल्या ताणतारा एकेक करून ओवणे. वैद्य म्हणून मला या छंदात रस आहे तो दोन कारणांनी. एक तर तो मनाला आणि हाताला एकाच वेळी कामाला लावतो. दुसरे म्हणजे डोळा, हात आणि स्मृती यांतील बारीकसारीक बदल तो इतर कामांच्या आधी उघड करू शकतो.

दोन पंखांमधले गणित

आरंभीच्या विमानांना एकावर एक असे दोन पंख का असत? त्या काळी पंख लाकडी सांगाड्याचे आणि वर ताणून बसवलेल्या कापडाचे असत. असा एकच लांब पंख हवेच्या रेट्याने मोडण्याची भीती असे. दोन पंख खांबांनी जोडून त्यांच्यामध्ये तिरप्या तारा ताणल्या की हलक्या वजनात मजबूत सांगाडा तयार होतो. ही युक्ती पुलांच्या बांधणीतून आली. ऑक्टेव्ह शनूट हे अमेरिकेतील रेल्वेपुलांचे नामांकित अभियंता. त्यांनी पुलाच्या कैचीची रचना पंखांना लावून १८९६ साली इंजिनाविना तरंगणारे द्विपंखी विमान सिद्ध केले. त्या वेळी त्यांचे वय ६४ वर्षांचे होते आणि विमानविद्येचा हा व्यासंग त्यांनी रेल्वेच्या कामातून मोकळे होताना हाती घेतला होता. पुढे राइट बंधूंनी १९०३ साली उडवलेल्या विमानातही हीच खांब आणि तारांची बांधणी होती. निवृत्तीनंतरच्या उद्योगाचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

या तारांची कामे वाटून दिलेली असतात. विमान उडताना हवा पंखांना वर उचलते, तेव्हा धडाच्या तळाकडून वरच्या पंखाच्या टोकाकडे जाणाऱ्या तारा ताण घेतात. विमान जमिनीवर उभे असताना पंखांचा भार खाली ओढतो, तेव्हा वरच्या पंखाच्या मध्याकडून खालच्या पंखाच्या टोकाकडे येणाऱ्या तारा कामी येतात. पुढच्या आणि मागच्या खांबांमधल्या छोट्या फुलीसारख्या तारा पंखाचा कोन राखतात. याशिवाय शेपटीकडे जाणाऱ्या सुकाणूच्या तारा वेगळ्याच. एकदा हे समजले की तारांचे जाळे गोंधळाचे वाटत नाही. कोणती तार कुठे आणि कशासाठी, हे आपोआप लक्षात राहते. पाठांतरापेक्षा अर्थ समजून लक्षात ठेवणे उतारवयात अधिक सोपे जाते, हे येथे प्रत्ययाला येते.

आपल्याकडचे दुवे

हा छंद मूळचा युरोप-अमेरिकेतला असला, तरी या विमानांशी आपलेही नाते आहे. कोलकात्यात जन्मलेले इंद्रलाल रॉय पहिल्या महायुद्धात ‘एस. ई. ५ए’ हे द्विपंखी लढाऊ विमान चालवत. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांनी दहा हवाई विजय मिळवले आणि २२ जुलै रोजी, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांना वीरमरण आले. त्याच युद्धात ‘सॉपविथ कॅमल’ चालवणारे हरदितसिंग मलिक मात्र दीर्घायुषी ठरले. स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून त्यांनी सेवा केली आणि १९८५ साली, नव्वदीच्या घरात, ते निवर्तले. १९३२ साली स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलाची पहिली विमाने, ‘वेस्टलँड वापिती’, हीसुद्धा द्विपंखीच होती. ‘टायगर मॉथ’ या द्विपंखी विमानावर तर वैमानिकांच्या एका संपूर्ण पिढीने उड्डाणाचे पहिले धडे गिरवले. आपल्या हातांनी घडवलेल्या विमानाच्या मागे अशी एखादी हकिगत असली, तर नातवंडांना सांगायलाही काही राहते.

तारा ओवण्याची रीत

प्रतिकृतीचे संच प्लास्टिकच्या सुट्या भागांचे असतात. त्यांवर १/७२, १/४८ किंवा १/३२ असे प्रमाण लिहिलेले असते. सॉपविथ कॅमलच्या पंखांचा मूळ विस्तार सुमारे साडेआठ मीटर. १/७२ प्रमाणात तो जेमतेम १२ सेंटिमीटर होतो, म्हणजे तळहाताएवढा. १/४८ प्रमाणात सुमारे १८ सेंटिमीटर. मूळ तार ६ मिलिमीटर जाडीची धरली, तर १/७२ प्रमाणात ती ०.०८ मिलिमीटर भरते. माणसाचा केस साधारण एवढाच जाड असतो! म्हणून साठीनंतर आरंभ करणाऱ्यांनी १/४८ किंवा त्याहून मोठे प्रमाण निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. लहान संच स्वस्त असतो, पण डोळ्यांना महाग पडतो.

विमान निवडतानाही पायरी-पायरीने जावे. जर्मन बनावटीच्या ‘फॉकर डी-७’ विमानाचे पंख आतूनच इतके भक्कम होते की त्यांच्यामध्ये ताणतारा नव्हत्याच. पहिले विमान म्हणून ते उत्तम. त्यानंतर प्रत्येक बाजूला खांबांची एकच जोडी असलेली, म्हणजे एकखणी, विमाने घ्यावीत, कॅमल, एस. ई. ५ए आणि टायगर मॉथ ही त्यांतली. दोन-तीन खणांची बाँबफेकी विमाने अनुभव आल्यावरच हाती घ्यावीत.

तारांसाठी तीन प्रकारचे साहित्य सोयीचे असते : मासेमारीचा अतिशय बारीक नायलॉन दोरा, ताणला जाणारा लवचीक धागा आणि पोलादी बारीक तार. नवशिक्याने, आणि विशेषतः ज्यांचा हात थोडा कापतो त्यांनी, लवचीक धागाच घ्यावा. चुकून बोट लागले तरी तो तुटत नाही, पुन्हा सरळ होतो, आणि पंखाला ओढून वाकवतही नाही.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम आराखडा नीट पाहून तारांची टोके जिथे येतात तिथे पेन्सिलीने ठिपके करावेत. पंख सुटे असतानाच हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने ०.३ मिलिमीटरची छिद्रे पाडावीत. रंगकामही याच वेळी उरकावे; तारा बसल्यावर कुंचला आत शिरत नाही. मग वरच्या पंखाच्या छिद्रांत धाग्यांची टोके चिकटवून ते मोकळे लोंबते ठेवावेत. खांब आणि वरचा पंख बसून पूर्ण सुकल्यावर एकेक धागा खालच्या पंखाच्या छिद्रातून काढावा. नायलॉन असल्यास त्याला कपड्याचा हलका चिमटा अडकवून ताण द्यावा, सुईच्या टोकाने गोंदाचा कण लावावा आणि सुकल्यावर उरलेला धागा कापावा. सुरुवात धडाजवळच्या तारांपासून करून टोकांकडे जावे आणि डावी-उजवी बाजू आलटून पालटून घ्यावी. एकच बाजू आधी ताणली तर पंख तिकडे पिळला जातो. नायलॉनची तार सैल राहिली, तर पेटती उदबत्ती तिच्या जवळून, स्पर्श न करता, अलगद फिरवावी. उष्णतेने दोरा आक्रसतो आणि ताठ होतो. मात्र उदबत्ती लावण्यापूर्वी थिनरची बाटली टेबलावरून हलवलेली असावी.

मेंदू आणि बोटे

अशा कामाने स्मृतिभ्रंश टळतो का, असे मला नेहमी विचारले जाते. याचे प्रामाणिक उत्तर असे की, तशी हमी कोणताही छंद देऊ शकत नाही. मात्र नवे आणि अवघड कौशल्य शिकण्याचा लाभ होतो, याला आधार आहे. अमेरिकेतील टेक्सास येथे डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठी ओलांडलेल्या व्यक्तींना तीन महिने गोधडीकाम किंवा डिजिटल छायाचित्रण शिकवण्यात आले. नुसत्या गप्पागोष्टींत किंवा घरातील सोप्या उद्योगांत वेळ घालवणाऱ्यांपेक्षा या शिकणाऱ्यांच्या प्रसंगस्मृतीत सुधारणा दिसली. त्या अभ्यासात विमाने नव्हती, हे खरे. पण त्यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. काम नवे हवे, त्यात पुढे-पुढे जाणारी अवघड पायरी हवी, आणि ते नियमितपणे व्हायला हवे.

वाकडी दिसलेली तार

या छंदाचे एक अनपेक्षित मोल माझ्या लक्षात आले ते एका रुग्णामुळे. यंत्रशाळेतून निवृत्त झालेले हे बहात्तर वर्षांचे गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी आले होते. उठता उठता ते सहज म्हणाले, “डॉक्टर, एक गंमत सांगतो. आठ दिवस झाले, एका तारेने मला छळले आहे. बोटाने छेडली तर ती ताठ लागते, पण डोळ्याला मध्येच वाकलेली दिसते. तीनदा कापून पुन्हा ओवली.” सूनबाईंनी चष्म्याचा नंबर बदलला असेल, अशी समजूत घातली होती.

मी त्यांना परत बसवले. चौकटीचा कागद समोर धरून एकेक डोळा झाकायला सांगितला. डाव्या डोळ्याला रेषा सरळ दिसत होत्या. उजव्या डोळ्याला मधल्या रेषा पाण्यावरच्या प्रतिबिंबासारख्या वळलेल्या दिसत होत्या. सरळ रेषा वाकडी दिसणे हे दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूच्या विकाराचे महत्त्वाचे लक्षण आहे. त्याच दिवशी त्यांना दृष्टिपटलाच्या तज्ज्ञांकडे पाठवले. वयोमानानुसार होणाऱ्या या विकाराचा ‘ओला’ प्रकार निघाला. यात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून पाझरतात आणि उपचार लांबला तर वाचण्याची, चेहरे ओळखण्याची दृष्टी कायमची जाऊ शकते. डोळ्यात ठरावीक अंतराने इंजेक्शने सुरू झाली. दृष्टी पहिल्यासारखी झाली नाही, पण ढासळायची थांबली. आज ते वृत्तपत्र वाचतात.

एरवी दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव भरून काढतो आणि असा विकार महिनोन् महिने लपून राहतो. या गृहस्थांसमोर रोज ताणलेल्या सरळ तारा होत्या आणि ती सरळ असलीच पाहिजे ही कारागिराची खात्री होती, म्हणून तो लवकर सापडला. तुमच्या घरात तारा नसतील, पण दरवाजाची चौकट आणि फरशीच्या रेघा आहेत. पन्नाशीनंतर प्रत्येकाने आठवड्यातून एकदा, चष्मा लावून, एकेक डोळा झाकून त्या पाहाव्यात. रेघ वाकडी, तुटलेली किंवा मध्ये काळपट दिसली, तर चष्म्याच्या दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञांकडे जावे, आणि तेही त्याच आठवड्यात.

पुढे घरच्यांनी मला विचारले, “आता हे बारीक काम बंद करायला सांगायचे ना?” मी स्पष्ट नकार दिला. बारीक काम केल्याने दृष्टिपटल झिजत नाही. डोळे थकतात, कोरडे पडतात, पण निकामी होत नाहीत. छंद काढून घेतला असता तर त्या गृहस्थांची दृष्टी वाचली नसतीच. दिवस मात्र रिकामे झाले असते. त्यांनी मोठ्या, १/३२ प्रमाणाचे विमान घेतले, मागे पांढरा पुठ्ठा उभा केला आणि काळ्या धाग्याने काम पुढे चालू ठेवले.

वय वाढते तसा डोळ्यात शिरणारा प्रकाश कमी होतो, म्हणून टेबलावर चांगला, न चमकणारा दिवा हवा. डोक्याला पट्ट्याने बसणारे भिंग वापरल्यास दोन्ही हात मोकळे राहतात. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर दूरवर पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात. काचबिंदू अथवा कोरड्या डोळ्यांचे थेंब चालू असतील, तर ते वेळेवर घालावेत.

हाताचा कंप

“हात थरथरतो, मला कसले जमणार?” अशी शंका अनेकांना असते. उतारवयातील कंप एकाच प्रकारचा नसतो. काम करताना, कप उचलताना दोन्ही हात कापतात, तो प्रकार पुष्कळदा कौटुंबिक आणि तुलनेने सौम्य असतो. याउलट हात मांडीवर स्वस्थ असताना एकाच बाजूने सुरू होणारा कंप, सोबत हालचालींचा मंदपणा आणि बारीक होत गेलेले हस्ताक्षर ही पार्किन्सनची लक्षणे असू शकतात. थायरॉईडचे आधिक्य, दम्याची काही औषधे आणि अति चहा-कॉफी यांनीही कंप वाढतो. म्हणून नवा कंप दिसला की प्रथम तपासणी करून घ्यावी. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. कंपावरची काही औषधे दम्याच्या आणि मंद नाडीच्या रुग्णांना अपायकारक ठरतात.

सौम्य कंप असतानाही काम जमते. दोन्ही मनगटे आणि कोपर टेबलावर टेकवावेत. विमान हातात न धरता स्पंजच्या तुकड्यात रोवून ठेवावे. चिमटा जाड मुठीचा असावा. त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला तरी चालतो. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असणाऱ्यांनाही याचा आराम पडतो. थकवा येण्याआधी, शक्यतो सकाळच्या वेळी, काम करावे आणि एका बैठकीत दोन-तीन तारांवर समाधान मानावे. मान खाली झुकवण्याऐवजी पुस्तकांच्या थप्पीवर विमानच वर घ्यावे. अर्ध्या-पाऊण तासाने उठून घरातल्या घरात दोन फेऱ्या माराव्यात, म्हणजे पायांना सूज येत नाही.

टेबलावरची सावधगिरी

या छंदातला सर्वांत मोठा धोका म्हणजे झटकन चिकटणारा गोंद. त्याची छोटी बाटली डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीसारखी दिसते, आणि थेंबांऐवजी गोंद डोळ्यात घातला गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा नोंदल्या गेल्या आहेत. गोंद आणि औषधे कधीही एका टेबलावर, एका कप्प्यात ठेवू नयेत. गोंदाच्या बाटलीला लाल चिकटपट्टी गुंडाळावी. तरीही डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा, पापण्या ओढून उघडू नयेत, कोणतेही रसायन लावू नये आणि तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बोटे चिकटल्यास कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. सांडलेला गोंद कापसाने पुसू नये. कापसाशी संयोग होऊन तो एकदम तापतो आणि त्वचा भाजू शकते.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी पाते वापरताना डाव्या हाताच्या बोटांना कातडी टोपणे घालावीत. कापलेच तर दहा मिनिटे सलग दाबून धरावे. रक्त न थांबल्यास दवाखाना गाठावा. मधुमेहींसाठी आणखी एक गोष्ट : कापलेले प्लास्टिकचे तुकडे आणि पात्याची टोके जमिनीवर पडतात. तळपायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला ती रुतलेली कळतही नाहीत. कामाच्या खोलीत चप्पल घालूनच वावरावे आणि काम काठ असलेल्या ताटात करावे. पडलेला भाग शोधायला एकदम वाकू नये; रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना भोवळ येऊ शकते. रंग पाण्यात विरघळणारे घ्यावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. दमा असल्यास उग्र वासाचे थिनर टाळावे, आणि घरात लहान मूल असेल तर टेबलाला कुलूपबंद कप्पा हवाच.

घरच्यांसाठी

सांभाळ करणाऱ्यांना माझी पहिली विनंती ही, की “राहू द्या बाबा, मी करून देतो” हे वाक्य शक्यतो उच्चारू नये. तार तिरपी बसली तरी ती त्यांची आहे. मदत करायचीच तर बाटलीचे घट्ट झाकण उघडून द्यावे, दिवा नीट लावावा, संचातील भाग डब्यांत वेगळे करून द्यावेत. कधी शेजारी बसून “ही तार कशासाठी?” असे विचारावे. समजावून सांगण्यात त्यांचीही उजळणी होते.

दुसरी विनंती, लक्ष ठेवण्याची. रोज टेबलाशी बसणारी व्यक्ती दोन आठवडे तिकडे फिरकलीच नाही, भूक-झोप बिघडली, बोलणे कमी झाले, तर ते नैराश्य असू शकते. ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. सवयीच्या पायऱ्यांचा क्रम वारंवार चुकू लागला, तेच छिद्र पुन्हा पुन्हा पाडले जाऊ लागले, तर स्मृतीची तपासणी करून घ्यावी. बोलणे अचानक अडखळले, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा एक हात एकाएकी लुळा पडून चिमटा गळू लागला, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. पक्षाघातात प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावरही छंद लगेच गुंडाळण्याचे कारण नाही. पाते आणि गोंद घरच्यांनी हाताळावेत. पॉलिश पेपरने घासणे, मोठे भाग रंगवणे, जुळणारे भाग शोधणे ही कामे त्यांच्याकडे राहू द्यावीत. एक विमान पूर्ण व्हायला तीन महिने लागोत की वर्ष लागो. उद्या सकाळी कोणती तार ओवायची आहे हे ठरवून जो माणूस रात्री झोपतो, त्याला सकाळी उठण्याचे कारण शोधावे लागत नाही.